सदरा

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या कड्याच्या घरी चुलीवर हंडा तापे. पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल, शेजारी उटणे. आईने हाक मारली की आम्ही भावंडे कुडकुडत अंगणात येत असू. मला तेरावे लागले त्या वर्षी मी पाटावर बसलो तो सदरा घालूनच.

"अरे, सदऱ्याला का तेल लावायचंय?" आई म्हणाली. भावंडे खिदळली. मी सदरा काढला नाही. शेवटी तिने टाळूला तेवढे तेल थापले आणि ती गप्प झाली.

माझ्या छातीत दोन्हीकडे सुपारीएवढ्या गाठी धरल्या होत्या. हात लागला की ठणकत. शाळेत कवायतीच्या वेळी कोणीतरी ते पाहिले आणि मला एका बाईचे नाव पडले. ते येथे छापीत नाही. गाठी दीडेक वर्षात आपोआप जिरल्या. नाव मात्र मॅट्रिकपर्यंत पुरले.

यंदा पावसाळ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा कवायतीला येईनासा झाला. बाप वरातीला घोडा देणारा. खोदून विचारले तेव्हा त्याने मान खाली घालून सदऱ्याची गुंडी घट्ट धरली. पुढचे त्याने सांगावे लागले नाही. त्याला नि त्याच्या आईला घेऊन नगरला डॉक्टरांकडे गेलो. कड्याला आगगाडी आली ती २०२२ साली. तिचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, "वयाचं आहे. निम्म्याहून अधिक मुलांना या वयात थोडंफार होतं. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत जातं."

माझे विज्ञान मॅट्रिकपाशी थांबलेले, म्हणून मी विचारीत राहिलो आणि ते सांगत राहिले. बायकांचे म्हणून आपण जे संप्रेरक समजतो, ते इस्ट्रोजेन पुरुषाच्या अंगातही रोज तयार होते. त्याचा कच्चा माल कोणता? तर पुरुषपणा देणारे टेस्टोस्टेरॉनच! त्यात कर्बाचे १९ अणू असतात. अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर त्यांतला एक काढून घेते, घडण थोडी बदलते, की १८ अणूंचे इस्ट्रोजेन तयार. दुधाला विरजण लागावे तसे म्हणा. फक्त येथे सगळे दूध विरजत नाही, हजारात दोन-चार कण तेवढे. हे विरजण वृषणांत असते, पण चरबीत, हाडांत, मेंदूतही असते. वयात येताना दोहोंचा तोल काही काळ डळमळतो आणि छातीत सुपारी धरते. बायकांच्या अंगातही इस्ट्रोजेन बनते ते आधी पुरुषी संप्रेरक बनवूनच. आणि साठी उलटलेल्या जोडप्यात बहुधा आजोबांच्याच रक्तात ते आजीपेक्षा जास्त निघते! (हे वाक्य सासऱ्यांना वाचून दाखवायचा धीर मला झालेला नाही.)

बरे, ते पुरुषाला हवे कशाला? १९९४ साली अमेरिकेत एका २८ वर्षांच्या माणसाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याच्या अंगात इस्ट्रोजेन बनत होते, पण जन्मजात दोषामुळे पेशींना ते ओळखताच येत नव्हते. गडी २०४ सेंटिमीटर उंच झाला, तरी त्याची उंची थांबेना. आणि हाडे म्हाताऱ्यासारखी ठिसूळ. पुरुषाची हाडे मिटतात आणि टणक राहतात ती या 'बायकी' रसावर.

मुलगा भिंतीकडे पाहत होता. डॉक्टरांनी त्याला बापाचा धंदा विचारला आणि म्हणाले, "१९३४ साली झोंडेक नावाच्या शास्त्रज्ञानं घोड्याचं मूत्र तपासलं. घोडीचं नव्हे, घोड्याचं. त्यात इस्ट्रोजेन भरपूर निघालं."

पोराने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "आमच्या राजाच्याबी?"

"त्याच्याही."

परतीच्या गाडीत मी त्याला माझे सगळे सांगितले. गाठी, कवायत, ते नावसुद्धा. तीस वर्षांत हे मी बायकोलाही सांगितले नव्हते. समोर त्याची आई डॉक्टरांची चिठ्ठी मुठीत धरून डुलकी घेत होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"गुरुजी, तुमी तुमच्या आईला सांगितलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात कडा आले. त्याने आईला हलवून उठवले.