तापली की बंद

कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी बंद पडली की मागचे आधी हॉर्न वाजवतात, मग शिव्या देतात आणि शेवटी ढकलायलाही तेच येतात. मे महिन्यातल्या एका दुपारी काटई नाक्याच्या पुढे मला या तिन्हींचा लाभ झाला. एसी चालू होता, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. आधी दोन झटके बसले, मग पिकअप गेला, मग इंजिनच गप्प. बॅटरी ठणठणीत, सेल्फ फिरतोय, पण गाडी काही सुरू होईना. अर्ध्या तासाने मात्र ती काहीच घडलं नसल्यासारखी एका सेल्फमध्ये सुरू झाली. पुढे हे वारंवार व्हायला लागलं, आणि दरवेळी गाडी चांगली तापल्यावरच.

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला. एकही कोड आला नाही. तरी निदान तयार होतं: "फ्युएल पंप गेलाय, अख्खं मॉड्यूल बदलावं लागेल." कशावरून, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. स्कॅनर गप्प का बसला, हे मला नंतर समजलं. माझ्या गाडीसारख्या बऱ्याच साध्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. पंप चालू करायचा हुकूम सुटतो. पेट्रोल पुरेशा जोराने पोचलं का, हे विचारणारं कुणी नसतं.

पंप खराब निघतच नाहीत, असं नाही. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपाच्या शंकेवरून परत बोलावल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडानेही ९२,६७२ जुन्या गाड्यांचे पंप बदलून द्यायचं जाहीर केलं. माझी गाडी यातल्या कुठल्याच यादीत नव्हती.

आमच्या इमारतीत एक काका आहेत, डोंबिवलीच्या प्रीमियर मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखाना कधीच बंद झाला, पण मानपाड्याच्या पुढे तिथल्या मैदानाला लोक अजून प्रीमियरच म्हणतात. काकांचं निदान तयार होतं. "पंपावर ओलं फडकं टाक." प्रीमियर पद्मिनी गाडीच्या काळात हा रामबाण उपाय होता. तेव्हा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. कॅमशाफ्टच्या धक्क्याने आतला पडदा वरखाली होई आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाई. घाटात इंजिन तापलं की पेट्रोलची वाफ व्हायची, आणि वाफ काही त्या पडद्याला ढकलता यायची नाही. फडक्याने पंप निवला की गाडी पुन्हा चालू. आताचा विजेवरचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि ते पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. म्हणून उन्हाळ्यात टाकी तळाला जाऊ देऊ नये. फडकं टाकायचं कुठे?

काकांनी हार मानली नाही. "मग किल्ली फिरव आणि मागच्या सीटपाशी कान लाव. दोन सेकंद गुणगुण ऐकू येते का बघ." पुढच्या वेळी गाडी बंद पडल्यावर कान लावला, गुणगुण आली. म्हणजे फ्यूज आणि रिले निदान जिवंत होते. पण पंप फिरतोय एवढंच कानाला कळतं, तो किती जोर लावतोय ते नाही.

ते कळलं एमआयडीसीतल्या दुसऱ्या मेकॅनिकमुळे. "ताई, चालू गाडीत मला काय दिसणार? ती बंद पडेल तेव्हा बघायचीय." त्याने इंधनाच्या नळीत गेज जोडला आणि एसी लावून गाडी उन्हात चालू ठेवली. काटा तीन बारच्या जरा वर स्थिर. आम्ही दोन चहा प्यायलो. मग काटा खाली यायला लागला, दोनच्याही खाली गेला आणि इंजिन अडखळलं. माझ्या मते पंपावरचा गुन्हा सिद्ध झाला होता. तो म्हणाला, "थांबा, पंपाला जेवायला मिळतंय का ते बघू." मागची सीट उचलून त्याने मल्टिमीटर लावला. बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट, पंपापाशी जेमतेम दहा! मधले चार कुठे गेले? टाकीवरचा कपलर उघडला तर एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. ढिल्या पिनेत उष्णता साठायची, रोध वाढायचा, पंपाला वीज कमी पडायची आणि दाब उतरायचा. थंड झालं की पिन पुन्हा शहाणी.

नवं मॉड्यूल बसवलं असतं तरी त्याच जळक्या कपलरला जोडलं गेलं असतं, हे मला विशेष वाटलं. मेकॅनिकने कपलर बदलला, अर्थिंग घासून घट्ट केलं आणि पुन्हा उन्हात तीच परीक्षा घेतली. काटा हलला नाही. पंप आजही जुनाच आहे.

काकांना हे सगळं सविस्तर सांगितलं. ते समाधानाने म्हणाले, "आमच्या पद्मिनीत ही भानगडच नव्हती. पंपाला वायरच नव्हती."