समुद्राची नोकरी आणि जुन्नरचा कातळ

जुन्नरला जाणारा माणूस शिवनेरी पाहतो, लेण्याद्रीच्या गणपतीचे दर्शन घेतो आणि परततो. तो गणपती ज्या सातव्या लेण्यात आहे, ते मुळात भिक्खूंचे विहार. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने ते दान दिले, असे तिथला ब्राह्मी लेख सांगतो. कल्याण तेव्हाचे बंदर. तिथला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात येई. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनेही इथे लेणे दान केले. राजांची नावे पाठ करणाऱ्या आपल्या मुलांना ही कष्टकऱ्यांची, व्यापाऱ्यांची नावे जरूर दाखवावीत. समुद्राचे आणि या कातळाचे नाते दोन हजार वर्षांचे आहे!

आमच्या घरात ते नव्याने जुळले. आमच्या भाच्याला मुंबई हायवर काम लागले. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, हेलिकॉप्टरने ये-जा. आणि या गड्याला वेड सुळके चढण्याचे! नाणेघाटाजवळ, जीवधन किल्ल्याला लागून वानरलिंगीचा सुळका उभा आहे. पहिल्याच सुटीत तो दोर घेऊन तिथे निघाला. आम्हीही कुटुंबासह लेणी पाहायला सोबत गेलो.

मुक्कामाला आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला ताईच्या घरी होतो. ताई म्हणाली, "दादा, तूच सांग त्याला. पाय मोडला तर कामावर कोण ठेवील?"

भाचा म्हणाला, "मामा, तिकडे उंचावर पट्टा बांधल्याशिवाय कुणी चढत नाही. इथेही तसेच."

ताईची भीती खोटी नाही. डॉक्टरी तपासणीत नापास झालेल्याला समुद्रावर पाठवीत नाहीत, आणि घर त्याच्याच पगारावर आहे. पण धोका काय फक्त कातळावर आहे? २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायवरच आग लागून २२ माणसे गेली. पोटासाठी पत्करलेला धोका आपण मोजत नाही, हौसेचा तेवढा मोजतो. आमचे मत भाच्याच्या बाजूने पडले.

मात्र हिशेब ठरवून घेतला. सुटीचे पहिले दोन दिवस झोपेचे, कारण रात्रपाळीने शिणलेल्या माणसाने दोर धरू नये. मग तीन दिवस कातळाचे, उरलेले घराचे. पुष्कळ अपघात विम्यांत गिर्यारोहण धरीत नाहीत, म्हणून पॉलिसी आधी वाचून घ्यायची. लेण्यांच्या कड्यांना दोर लावायचा नाही. ती संरक्षित स्मारके आहेत, आणि आपली आहेत.

ताईने वर एक अट घातली. पावसाळ्यात निसरड्या कातळाला हात लावायचा नाही. भाच्याने ती कबूल केली आहे.