साठ शब्दांची पाटी

एम.ए. मराठीचे आम्ही चौघे पुण्यातल्या एका विमानविद्येच्या दालनात कामाला लागलो, तेव्हा आमचे विमानांचे ज्ञान लोहगावच्या आकाशाकडे मान वर करून पाहण्यापुरतेच होते. ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट मिळवायचे होते, आणि भाषेच्या विद्यार्थ्यांना दारात उभे करणारे फारसे कोणी नसते. काम दुहेरी होते : बाल्सा लाकडाच्या प्रतिकृती जोडायच्या आणि त्यांच्या पाट्या लिहायच्या. एका पाटीला साठ शब्द.

प्रतिकृतींनी आमची बरीच शोभा केली. पंख दोन्ही बाजूंना सारख्याच कोनात उचलले गेले नाहीत, तर विमान फळीवर ठेवल्याठेवल्या लंगडे दिसते. पाट्यांत मात्र आम्ही रमलो. 'लिफ्ट'ला 'उचल' म्हणावे की 'उत्थापक बल', यावर एक अख्खी दुपार गेली. 'ड्रॅग'साठी आम्ही 'ओढ' लिहिले आणि मग आमचे आम्हीच हसलो. विमानाला मागे खेचणारी ओढ म्हटल्यावर साहित्याच्या विद्यार्थ्याला वायुगतिकी कशी आठवावी?

१८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके याने अलाहाबादहून नैनीला सहा हजारांवर पत्रे विमानाने नेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथमधून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. या पाट्या लिहिताना हात अडखळला नाही. अडखळला तो शिवकर बापूजी तळपदे यांच्यापाशी.

तळपद्यांनी १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे यान उडवले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड ते पाहायला हजर होते, 'केसरी'त बातमीही आली, ही कथा आम्ही शाळेपासून ऐकत आलो होतो. पाटीसाठी वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की आमच्या हाती आलेल्या लेखांपैकी प्रत्येकात 'केसरी'चे नाव होते आणि एकातही अंकाची तारीख नव्हती. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा आधार या कथेला जोडला जातो, ते सुब्बराय शास्त्री यांनी सांगून लिहवले १९१८ ते १९२३ या काळात. तळपदे तोवर हयातही नव्हते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली हा ग्रंथ तपासला. तो १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली याने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

आम्ही लिहिले : 'उड्डाण केल्याचे सांगितले जाते, समकालीन पुरावा उपलब्ध नाही.' दालनाच्या प्रमुखांनी दुसरे वाक्य लाल शाईने खोडले. गृहस्थ अभियंता, वृत्तीने सज्जन. म्हणाले, "मुलांनो, इथे शाळेची पोरं येतात. त्यांना अभिमान वाटायला नको का?" आमच्यातला देहूचा मित्र म्हणाला, "सर, तुकोबांचं विमान आम्ही लहानपणापासून मानतो. पण त्याची लांबीरुंदी कुणी पाटीवर लिहीत नाही." प्रभातच्या १९३६ च्या चित्रपटातले ते वैकुंठगमन पाहून पुराव्याची आठवण कोणाला होते? तेथे ती व्हायचे कारणच नाही. पण टाटांच्या शेजारी, त्याच टंकात, त्याच साठ शब्दांत तळपदे आले, की वाचणारा दोघांना एकाच मापाने मोजणार.

वाद मिटला तो असा, की ती पाटीच वगळण्यात आली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, याची आता लाज वाटते. 'प्राचीन विमान कलेचा शोध' हे तळपद्यांचे मराठी पुस्तक १९०७ चे. उडो वा न उडो, यंत्राच्या वेडाने पछाडलेला, स्वतःच्या भाषेत त्याविषयी लिहिणारा मुंबईचा एक माणूस खरोखर होऊन गेला होता. त्याच्यासाठी साठ शब्द सहज जमले असते. आम्ही पुराव्याचा आग्रह धरला आणि माणूस सोडून दिला.

शेवटच्या दिवशी एका शाळेची सहल आली. पस मॉथपुढे (आमची तिसरी, न लंगडणारी) एका मुलीने विचारले, "पहिलं विमान कुणी उडवलं?" सोबतच्या मार्गदर्शकांनी रिकाम्या फळीकडे हात केला आणि चौपाटी, मरुत्सखा, रानडे, सगळे रंगवून सांगितले. बाई वहीत उतरवून घ्यायला सांगत होत्या. आम्ही चौघे तेथेच उभे होतो, अनुभवाच्या प्रमाणपत्रावर सही व्हायची वाट पाहत.