छत आणि छत्र

जुन्या पिकअप ट्रकच्या केबिनचे छत दोन इंचांनी खाली आणणे हे वरवर पाहता निव्वळ पत्र्याचे काम वाटते. खांब कापावेत, मधला तुकडा काढावा आणि उरलेले वेल्डिंगने जोडून टाकावे. परंतु हे खांब ओळंब्यात नसतात. पुढच्या काचेचे खांब मागे कललेले, खाली रुंद आणि वर निमुळते असतात. तुकडा निघताच वरची टोके खालच्या टोकांवर बसेनाशी होतात. मग छताचा पत्रा मधोमध कापून लांबवावा लागतो किंवा खांब आणखी कलवावे लागतात. दारांच्या चौकटी त्याच मापाने उतरवाव्या लागतात, काचा नव्याने कापाव्या लागतात. कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर जुन्या मोटारी पळवणाऱ्या तरुणांनी १९३० च्या दशकात वाऱ्याचा विरोध कमी करण्यासाठी ही युक्ती योजिली; दुसऱ्या महायुद्धानंतर ती वेगासाठी कमी आणि रूपासाठी अधिक वापरली जाऊ लागली. या कामातला जाणता कारागीर छत फार उतरवीत नाही. गाडी पूर्वीपेक्षा डौलदार दिसावी, पण नेमके काय बदलले ते पाहणाऱ्याला सांगता येऊ नये, एवढाच फरक तो करतो.

या संयमाचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र नजरेआड होते. ती केबिन उंच होती ती आत बसणाऱ्यासाठी. शेतावरचा माणूस डोक्यावर टोपी ठेवून ताठ बसेल, या हिशेबाने तिची उंची ठरली होती. छत उतरले की आसनही उतरवावे लागते. ते न उतरवल्यास चौकातला दिवा पाहण्यासाठी चालकाला मान वाकवावी लागते. रूप पाहणाऱ्याच्या वाट्याला येते आणि मान वाकते ती बसणाऱ्याची. वाहनाचे छत कोणासाठी उंच होते आणि कोणासाठी उतरले, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारागिरीचा राहत नाही.

तंजावरच्या परिसरात तर हा प्रश्न फार जुना आहे, कारण हा मुलूखच रथांचा. तिरुवारूरचा सुप्रसिद्ध रथ सजल्यावर ९६ फूट उंच होतो. त्यातला कोरीव लाकडी भाग जेमतेम एक तृतीयांश; वरचा सारा पसारा बांबूचा आणि कापडाचा. उत्सव सरला की तो उतरतो. १९२६ साली हा रथ जळाला आणि १९३० मध्ये नव्याने उभा राहिला. म्हणजे लाकूड बदलले, तरी उंचीचा आग्रह बदलला नाही. रथात बसणारा देव आहे, आणि त्याच्या छताला माणसाचे माप लावायचे नाही, अशी त्यामागची धारणा आहे.

मात्र उंची टिकतेच असे नाही. हंपीच्या विठ्ठल मंदिरासमोरचा पाषाणरथ मराठी मनाला परका नाही. भानुदासांनी विठ्ठलाची मूर्ती तेथून पंढरीस परत आणली, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ साली घेतलेल्या छायाचित्रात या रथावर विटांचे शिखर स्पष्ट दिसते. पुढे ते उतरवले गेले. आज यात्रेकरू ज्याला हंपीचा रथ म्हणून ओळखतात आणि २०१७ पासूनच्या पन्नास रुपयांच्या नोटेवर जो छापला जातो, तो हा छत उतरलेला रथ होय. तो अपुरा आहे असे कोणालाच वाटत नाही. उलट त्याची ठेंगणी, भरीव आकृतीच मूळची वाटते. डोळा नव्या रेषेला किती लवकर सरावतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आणि कधी छताची उंची जिवावर बेतते. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे तंजावरजवळच्या कळिमेडु गावी सजवलेल्या रथाचा उच्च दाबाच्या विजेच्या तारेला स्पर्श झाला आणि अकरा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुलेही होती. रथ उंच करणाऱ्या श्रद्धेला आकाश मोकळे आहे असे वाटत असते. ते आता मोकळे राहिलेले नाही. अशा ठिकाणी छत हातभर खाली आणणे हा श्रद्धेचा अवमान ठरत नाही. दोर ओढणाऱ्यांची काळजी घेणे हाही रथाच्या शास्त्राचाच भाग मानला पाहिजे.

या सगळ्या रथांच्या मुलुखात ओरत्तनाडु येथे एक वेगळा रथ उभा आहे. तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव मुक्तांबाळपुरम् या नावानेही ओळखले जाते. सरफोजी राजांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळेच्या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी येथे रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी छत्र बांधले. या वास्तूला रथाचे रूप दिलेले आहे. तो ओढणारे हत्ती-घोडे दगडात कोरलेले आहेत. परंतु आत उत्सवमूर्ती नाही. देवाच्या वाहनाचा आकार घेतला, आणि त्यात बसवला तो थकलेला वाटसरू. उंचीही त्यालाच साजेशी ठेवली: वसतीच्या वास्तूची, शिखराची नव्हे.

हे बांधकाम ज्या काळात झाले तो काळ ध्यानात घेतला म्हणजे या रथाचा अर्थ अधिक गंभीर होतो. १७९९ च्या तहाने तंजावरच्या राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजाकडे किल्ला, ठरलेली नेमणूक आणि मान एवढेच उरले. त्याच्यावरचे छतही असे उतरवले गेले होते, आणि तेही बेताने, बाहेरून पाहणाऱ्याला राजा पूर्वीसारखाच दिसावा अशा रीतीने. सिंहासन होते, दरबार होता, बिरुदे होती. काय बदलले ते आत बसलेल्यालाच ठाऊक होते.

१८०१ साली सरफोजींनी रेसिडेंटला पत्र लिहिले ते या छत्रांविषयी. ती आपल्याकडेच राहावीत, एवढे त्यांचे मागणे होते. गेलेल्या मुलुखाची कैफियत त्यांनी तेथे मांडली नाही. छत्रांत काय चालते याचा तपशील मात्र निगुतीने दिला. ब्राह्मणापासून परैयापर्यंत आणि जोगी, जंगम, बैराग्यांपर्यंत सर्वांना अन्न मिळते. आजाऱ्याला औषध, अनाथ बालकाला दूध, गर्भवतीला प्रसूतीपर्यंत आसरा मिळतो. वेद शिकवणारे आणि मुलांना शिकवणारे पंतोजी नेमलेले असतात.

मराठीत राजाच्या मस्तकावर धरतात तेही छत्र आणि भुकेल्याला जेथे अन्न मिळते तेही छत्र. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द भिन्न आहेत. दुसरा मूळचा ‘सत्र’, आणि ‘अन्नसत्र’ हे रूप अजूनही आढळते. लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही एक झाले. सरफोजींच्या पत्रात हा योग प्रत्यक्ष घडलेला दिसतो. पहिल्या छत्राची उंची राखणे त्यांच्या हाती उरले नव्हते. दुसऱ्याचा विस्तार राखण्यासाठी त्यांनी आपला शब्द खर्च केला.

पुढे ओरत्तनाडुच्या या वास्तूत शाळा भरली, दूरच्या गावांहून आलेली मुले राहिली. यात्रेकरूंची जागा विद्यार्थ्यांनी घेतली, तरी वास्तूचे प्रयोजन फारसे बदलले नाही. त्या पत्रात रात्रीच्या एका रिवाजाचा उल्लेख आहे. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा केला जाई की, ज्यांच्या पोटात अजून काही गेले नसेल त्यांनी यावे आणि त्यांच्यासाठी रांधलेला भात घ्यावा.