दोन हाफ, पाच प्लेट

मी सिल्वासात वाढलो. वर्गातलं जवळजवळ कुणीच मूळचं तिथलं नव्हतं. १९८० नंतर करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत कारखाने आले, त्यांत पॉलिस्टर धाग्याचे पुष्कळ, आणि कारखान्यांमागून माणसं आली. आमचे वडील धुळ्याहून आले. शेजारी ओडिशाचे, वर आझमगडचे, समोर पालनपूरचे जैन. संध्याकाळी जिन्यात आमच्या काळ्या मसाल्याचा, त्यांच्या मोहरीच्या तेलाचा, हिंगाच्या फोडणीचा वास एकत्र यायचा. ताटं मात्र आपापल्या दाराआड. वाटीभर काही इकडून तिकडे जायचं ते सणासुदीला.

म्हणून चायनीजच्या गाडीचं मला मोल वाटतं. तिथला पदार्थ आमच्यापैकी कुणाच्याच घरचा नव्हता. यजमान कुणी नाही, पाहुणा कुणी नाही.

गाडी किलवणी नाक्याच्या बाजूला लागायची. लाल पत्रा, त्यावर पिवळा ड्रॅगन, मागे पाण्याचं पिंप. गाडीवाला नेपाळचा; त्याला सगळे दाजू म्हणत. बारावीनंतर आम्ही पाच मित्र रात्री तिथे जायला लागलो. जेवणं घरीच झालेली असत, खिशात पैसे बेताचे. एक हाफ हक्का, एक हाफ शेजवान राइस आणि रिकाम्या प्लेटी. ‘दाजू, दो हाफ, पाँच प्लेट,’ एवढं सांगितलं की पुरे. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट ग्रेव्ही जास्तच घालायचा.

त्याचं काम बघत उभं राहावं असं होतं. उकडून तेल लावलेल्या नूडल्स परातीत मोकळ्या पसरलेल्या. कोबी, गाजर, सिमला मिरची दुपारीच चिरून ठेवलेली. ब्लोअर सुरू केला की भट्टीचा जाळ कढईच्या काठावर चढायचा. आधी लसूण, मग मिरची, मग कोबी, आणि कोबी मऊ पडायच्या आत नूडल्स. झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून सोया सॉस, वर व्हिनेगर. सगळा खेळ आचेचा. मंद आचेवर कोबीला पाणी सुटतं आणि नूडल्स लगदा होतात. ती आच घरच्या गॅसला नाही. मी पुढे पुण्यात बऱ्याच वेळा करून पाहिलं, तसं होत नाही.

मंचुरियनचा शोध कसा लागला ते फार नंतर वाचलं. कोलकात्यात जन्मलेल्या, चिनी वंशाच्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं, असं सांगतात. पोटासाठी दुसऱ्या शहरात गेलेल्या माणसानं केलेला पदार्थ. आमच्या गावात तो रुजला यात मला नवल वाटत नाही.

शनिवारी गर्दी वेगळी असायची. गुजरातेत दारूबंदी, सिल्वासात नाही. त्यामुळे वापीकडून येणाऱ्या गाड्या बारसमोर लागत आणि बार बंद झाले की ती मंडळी इकडे वळत. आई या रात्रींना घाबरायची. दाजूच्या ते लक्षात असावं. शनिवारी तो आमची स्टुलं पिंपाच्या पलीकडे, उजेडाबाहेर मांडायचा.

आमच्यात खरा तिथला एकटाच होता, खानवेलकडचा वारली, होस्टेलवर राहणारा. शाळेत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पावसाळ्यातल्या एका रात्री, ताडपत्रीखाली सूपचे वाडगे हातात धरून बसलो असताना, दमणगंगेला पूर आलाय अशी चर्चा निघाली. तेव्हा तो म्हणाला, मधुबन धरणाच्या पाण्याखाली माझ्या आजोळचं शेत आहे. मग तो बोलतच राहिला: नागलीची खाचरं, मोहाची झाडं, नव्या जागी गेल्यावर मुकी झालेली आजी. आम्ही सगळे बाहेरून आलेले. ज्या कारखान्यांनी आम्हाला पोसलं त्यांना पाणी कुठून येतं, हे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. पालनपूरचा मित्र, ज्याच्या घरी लसूण येत नसे, तो शेजवान राइसची प्लेट तशीच धरून ऐकत होता. दाजूनं ब्लोअर बंद केला होता.

नंतर मीही काही वर्षं धाग्याच्या कारखान्यात, टेक्श्चरायझिंगच्या खात्यात काढली. सेकंड शिफ्ट अकराला सुटायची, कानांत मशीनचा आवाज घुमत असायचा, आणि घरी जाण्याआधी गरम मंचाव सूप लागायचंच. पाचातले दोघेच उरलो होतो, तरी हाफच मागवायचो. पुढे मी पुण्याला आलो. मॉलमधल्या काचेआडच्या नूडल्स वाईट नसतात. पण तिथे शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी कुणी बोलत नाही.

गाडीवर आता दाजूचा भाचा असतो. खानवेलचा मित्र मास्तर झाला. त्याचा मुलगा यंदा शिकायला सिल्वासाच्या होस्टेलवर आला, तेव्हा चांगलं चायनीज कुठे मिळतं हे त्याला सांगायचं माझ्या मनात होतं. पण बापानं त्याला पहिल्याच आठवड्यात तिथे नेऊन भाच्याशी ओळख करून दिली होती.