उघडं कोण पडतं?

१ डिसेंबर २०२० ला एलियट पेज यांनी आपण ट्रान्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कराडला, घरी चहा घेत बसलो होतो, तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर एडिटरचा मेसेज आला. "तुझं ते जुनं लिस्टचं आर्टिकल काढ. त्यात नाव बदल आणि परत वर आण. आज सगळे हेच सर्च करणार."

कोणतं आर्टिकल, हे मला विचारावं लागलं नाही.

मी तेव्हा एका गेमिंग वेबसाइटसाठी लिहायचो. इंग्रजीत, आणि शब्दांवर पैसे. २०१९ मध्ये, पुण्यात कर्वेनगरला तिघांत एक खोली घेऊन राहत असताना, मला 'गेम्समधले दहा सर्वांत बोल्ड सीन' अशी यादी लिहायला सांगितली होती. मी ती एका रात्रीत उरकली. 'द विचर ३'च्या सुरुवातीला टबात पाय पसरून बसलेला गेराल्ट आणि असेच आणखी नऊ. दहा गेम, दहा स्क्रीनशॉट, प्रत्येकाखाली शंभरेक शब्द. त्या महिन्यात साइटवर सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं तेच होतं. वाचलं गेलेलं म्हणजे उघडलं गेलेलं. लोक किती वेळ थांबले आणि कुठे थांबले, हेही आम्हाला दिसायचं. लोक चौथ्या नंबरवर थांबायचे.

चौथ्या नंबरवर 'बियॉन्ड: टू सोल्स' होता.

हा गेम ऑक्टोबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. फ्रान्सच्या क्वांटिक ड्रीमने बनवलेला, सोनीने प्रकाशित केलेला. जोडी होम्स नावाच्या मुलीची गोष्ट. तिच्याशी लहानपणापासून एक अदृश्य अस्तित्व जोडलेलं आहे, आणि तिचं सगळं आयुष्य त्यामुळे भलतीकडे जातं. जोडीची भूमिका पेज यांनी केली. तेव्हा जग त्यांना वेगळ्या नावाने ओळखायचं. भूमिका केली म्हणजे नुसता आवाज दिला असं नव्हे. मोशन कॅप्चरचा अंगाला चिकटणारा सूट घालून, चेहऱ्यावर ठिपके लावून, रिकाम्या स्टुडिओत त्यांनी अभिनय केला. त्यांचं रडणं, दचकणं, मान वळवणं टिपून ते जोडीत भरलं. जोडीचा चेहरा त्यांचाच आहे.

गेममध्ये एक अंघोळीचा सीन आहे. त्यात कॅमेरा जिथे असायला हवा तिथेच राहतो आणि खेळणाऱ्याला दाखवू नये ते दाखवत नाही. पण पडद्यामागे कंपनीने जोडीचं पूर्ण नग्न मॉडेल बनवून ठेवलं होतं. गेम बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत कुणीतरी डीबग मोडमधून, म्हणजे गेम बनवणारे लोक चुका तपासायला वापरतात त्या दारातून, आत शिरून कॅमेरा मोकळा केला आणि हवा तसा फिरवला. ती चित्रं नेटवर पसरली. सोनीच्या बाजूने ती काढून टाकण्याची विनंती झाली. हे शरीर कलाकाराचं नाही, हेही सांगितलं गेलं. फार कुणाला त्याने फरक पडला नाही.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. एका मित्राच्या लॅपटॉपवर आम्ही सहा जणांनी ती चित्रं पाहिली. हसलो. कुणीतरी झूम कर म्हणालं. ते मी नव्हतो, पण बंद कर असंही मी म्हणालो नाही. सहा वर्षांनी यादी लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी मला तीच आठवली.

तर त्या सकाळी मी लेख उघडला. जुनं नाव शोधलं, नवीन टाकलं. सर्वनामं बदलली. दहा मिनिटांचं काम. आपण किती जबाबदारीने वागतोय, असंही क्षणभर वाटून गेलं. नाव आता बरोबर होतं. खाली चित्र तेच होतं.

माझा मामेभाऊ लॉकडाऊनपासून आमच्याकडेच होता. फर्स्ट इयरला. त्याचे ऑनलाइन लेक्चर शेजारच्या टेबलावर चालायचे. कान एका बाजूला आणि डोळे माझ्या स्क्रीनवर. त्याने विचारलं, "दादा, ही खरंच त्या ॲक्टरची बॉडी आहे का?"

"नाही रे."

"मग तसं लिहिलं का नाहीयेस?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाटलं की माझ्याकडून राहून गेलं असेल. पण राहून गेलं नव्हतं. ते शरीर त्यांचं नाही, हे मला २०१९ मध्येही माहीत होतं. पहिल्या ड्राफ्टमध्ये तसं वाक्य होतं. मीच ते काढलं. ते ठेवलं असतं तर चौथ्या नंबरमध्ये दमच उरला नसता. 'खरं असेल का?' या शंकेपाशीच तर लोक थांबत होते. ती शंका मी पुसली नाही, उलट नीट राखून ठेवली.

मी एडिटरला फोन केला. म्हटलं, चौथा नंबर काढून टाकूया.

तो माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. माझे पैसे त्याने कधी अडवले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी मी 'राजी' या गेमवर एक लांबलचक लेख लिहिला होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीचा गेम. आठ दिवस राबलो होतो त्यावर. तो कुणी वाचणार नाही हे माहीत असूनही त्याने एक ओळ न कापता लावला, आणि खरंच कुणी वाचला नाही. अशा लेखांचा खर्च अशा याद्यांमधूनच निघतो, हे तो मला कधी ऐकवायचा नाही. पण ते मला कळायचं.

त्याचे मुद्देही फालतू नव्हते. पहिला : चित्रं सात वर्षं नेटवर पडून आहेत, आपण काढल्याने काय होणार? दुसरा : शरीर खरं नाहीच, नुसते पॉलिगॉन आहेत, मग कुणाचं काय बिघडलं? आणि तिसरा त्याने ठेवणीतला काढला. "अरे, र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य'मध्ये नग्न चित्रं छापली. त्या काळात! आणि तू २०२० मध्ये सोवळं नेसून बसलायस?"

हे मला लागलं. कारण मला सोवळं नेसायचं नव्हतंच. गेम म्हणजे पोरखेळ, असं घरात, कॉलेजात, सगळीकडे ऐकत मी मोठा झालो. सिनेमात, चित्रात, कादंबरीत नग्नता असू शकते, तर गेममध्ये का नको, यावर मी लोकांशी भांडलोय. आठच दिवसांनी, १० डिसेंबरला, 'सायबरपंक २०७७' येणार होता. त्यात आपलं पात्र घडवताना लिंगापर्यंत सगळं ठरवता येतं, आणि ज्याला हे बघायचं नाही त्याच्यासाठी सेटिंगमध्ये नग्नता झाकायची सोय आहे. त्यावर मी आनंदाने लिहिलं. माणसाचं शरीर आणि त्याची ओळख यांचा मेळ खेळणाऱ्याने स्वतः ठरवावा, ही गोष्ट गेमच करू शकतो. ती लिहिताना नग्नता टाळली असती तर लेखच लंगडा झाला असता.

मग 'बियॉन्ड'मध्ये मला नक्की काय खुपत होतं? बघू नये ते बघितलं, लपवलेलं बाहेर काढलं, हे? तेवढंही नाही. लपवलेलं बाहेर काढणं हे तर पत्रकारितेचं कामच आहे. २००५ मध्ये 'जीटीए : सॅन अँड्रियास'मध्ये संभोगाचा एक मिनीगेम सापडला. 'हॉट कॉफी' म्हणून ते प्रकरण गाजलं. कंपनीने आधी हॅकर्सकडे बोट दाखवलं. पण तो मिनीगेम डिस्कवर आधीपासूनच होता, बंद करून ठेवलेला. मॉडने फक्त कुलूप काढलं. जुलैमध्ये अमेरिकेच्या ईएसआरबीने गेमचं रेटिंग बदलून 'फक्त प्रौढांसाठी' केलं आणि मोठ्या दुकानांनी तो शेल्फवरून उतरवला. हे सगळं छापलं जायलाच हवं होतं. गिऱ्हाइकाला एक सांगून दुसरं विकलं गेलं होतं.

तिथेही लपलेलं उघड झालं आणि इथेही. फरक इतकाच की तिथे कंपनी उघडी पडली. इथे माणूस.

गेमिंग साइटने नग्नतेवर लिहावं का, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला या फरकात सापडलं. लिहावं, हवं तितकं मोकळेपणाने लिहावं. पण लेख लावण्याआधी एकदा बघावं की यात उघडं कोण पडतंय. गेम बनवणाऱ्यांनी विचार करून जे पडद्यावर मांडलं, त्यावर लिहिणं ही समीक्षा. कंपनीने दडवलं ते शोधणं ही बातमी. आणि ज्याने फक्त चेहरा आणि अभिनय दिला होता, त्याच्या चेहऱ्याखाली कुणीतरी चिकटवलेलं अंग लोकांना दाखवत बसणं, याला आमच्याकडे साधा शब्द आहे. खिडकीतून डोकावणं.

हे त्या दिवशी फोनवर मला इतकं नीट सांगता आलं नाही. पहिल्या मुद्द्यावर मी म्हणालो की गावभर बोभाटा झाला म्हणून आपणही दवंडी पिटायची असं थोडंच आहे. तो हसला. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला एक गोष्ट सुचली. म्हटलं, "नुसते पॉलिगॉन असते तर आज नाव बदलायची काय गरज होती?"

तो गप्प झाला. लोक आज पॉलिगॉन बघायला येणार नव्हते. एका माणसाने आदल्या दिवशी, बहुधा आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगितली होती. आपलं शरीर आणि आपण यांच्याबद्दलची. त्याच नावाखाली आम्ही त्याचं नसलेलं एक शरीर मांडून गिऱ्हाईक जमवणार होतो.

"चित्र काढता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "वरून ट्रॅफिक मागतात. हवं तर तुझं नाव काढतो."

आणि मी हो म्हणालो.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. लेखावर माझं नाव जाऊन 'टीम' आलं. दोन दिवस छान झोप लागली. मग कर्वे आठवले. कर्वेनगरला ज्यांचं नाव आहे त्या महर्षी कर्व्यांचा हा मुलगा. १९२७ मध्ये त्याने 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि मरेपर्यंत चालवलं. संततिनियमनावर, लैंगिक आरोग्यावर लिहिलं. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, असं मांडलं. खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी ते हरले आणि दंड भरला. नग्न चित्र छापलं ते असं, स्वतःच्या नावाने, पदरमोड करून. एडिटरने कर्व्यांचं उदाहरण दिलं तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. ते माझ्याच लेखाच्या माथ्यावर होतं. जे छापायला नाव द्यायची आपली तयारी नाही, ते आपण का छापतोय?

पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२१ मध्ये, 'सायबरपंक'ची एक बातमी आली. त्यात किआनू रीव्ह्ज यांच्या चेहऱ्याचं एक पात्र आहे, जॉनी सिल्व्हरहँड. कुणीतरी मॉड करून गेममधल्या सेक्स सीनमध्ये त्याचं मॉडेल बसवलं. सीडी प्रोजेक्टने तो मॉड काढायला लावला. ज्या माणसांनी आम्हाला आपलं रूप वापरायला दिलं, त्यांना असल्या प्रसंगांत बसवणं त्यांना त्रासदायक वाटू शकतं, अशा आशयाचं कारण दिलं. लिंग निवडायची सोय देणारी कंपनी ही. तिला कुणी सोवळी म्हणणार नाही. मी ती बातमी एडिटरला पाठवली. निळ्या टिका आल्या. उत्तर नाही आलं.

मार्चमध्ये मी ते काम सोडलं. तत्त्वासाठी सोडलं असं सांगायला बरं वाटलं असतं, पण दुसरीकडे बरे पैसे मिळाले म्हणून सोडलं. जाताना आणि नंतरही एकदा मी तो लेख काढा म्हणून मेल केला.

लेखांवर मी अजून एक साधा प्रयोग करतो. चित्रं काढून टाकून वाचून बघतो. 'सायबरपंक'वरचा माझा लेख चित्रांशिवाय वाचता येतो. 'राजी'वरचा येतो. त्या यादीतला चौथा नंबर चित्राशिवाय वाचला तर तिथे काहीच नाही. शंभर शब्द आहेत, पण तिथे काही नाही.

गेल्या आठवड्यात हे लिहायच्या आधी पुन्हा बघितलं. लेख आहे. नाव बरोबर आहे, सर्वनामं बरोबर आहेत. खाली चित्र आहे. वर लिहिलंय, 'टीम'.

त्या टीममध्ये मी आहे.