त्रैराशिक आणि फेस्ताची यादी

आमच्या वाड्यावरील कपेलाचे फेस्त आठ दिवसांवर आले होते. घरात दोन कामे एकदमच चालली होती. आत माझ्या पत्नीची सान्नांची तयारी आणि ओसरीवर माझी वर्गणीची यादी. शेजारी सहावीतली नात गणिताची वही घेऊन रडकुंडीस आली होती. प्रमाणाचा धडा तिला काही केल्या उमगेना.

आतून तिची आजी म्हणाली, "अगे बाय, तीन मापटी तांदळाला मी एक नारळ घालते. यंदा नऊ मापटी घ्यायचे आहेत. नारळ किती लागतील, सांग पाहू!"

नातीने बोटे मोजली. "मापटी सहाने वाढली, म्हणजे नारळही सहाने वाढवायचे. सात!"

"सात नारळ घातलेस तर सान्ना राहतील बाजूला आणि खोबऱ्याच्या वड्या होतील!" आजी हसली.

पुष्कळ मुले चुकतात ती येथेच. जेथे गुणावयाचे तेथे ती मिळवितात. तांदूळ तिप्पट, तर नारळही तिप्पट, म्हणजे तीनच.

मग मी तीस एकाच मापावर भाव काढावयास शिकविले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची एकीकडे 250 ग्रॅम 150 रुपयांस आणि दुसरीकडे 400 ग्रॅम 220 रुपयांस मिळते, असे समजू. स्वस्त कोणती? दीडशेचा आकडा लहान, म्हणून मन तिकडे धावते. परंतु दोन्हींचा 100 ग्रॅमचा भाव काढला, की पहिली 60 रुपयांस आणि दुसरी 55 रुपयांस पडते. माप सारखे केल्यावाचून केलेली तुलना ही फसवणूकच होय. हल्ली बंद पाकिटांवर ग्रॅमचा वा किलोचा भाव छापण्याचा नियम झाला आहे, तो याचसाठी.

ही विद्या काही नवी नव्हे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास 'लीलावती'त त्रैराशिक सांगितले. पुढे 1958 साली गोव्यात रुपियाच्या जागी एस्कुदो आले, तेव्हा एका रुपियास सहा एस्कुदो असे प्रमाण ठरले. पंधरा एस्कुदो म्हणजे अडीच रुपिये, हा हिशेब प्रत्येकास करावाच लागला.

नातीचे गणित सुटले. तिची नजर माझ्या यादीकडे गेली. मोठ्या रकमा वर आणि लहान खाली, अशी ती मी मांडली होती. तिने विचारले, "शापाय, ह्या मावशीचे नाव अगदी शेवटी का?"

मी निरुत्तर झालो. वाड्यावरची ती विधवा रोजंदारीवर राबते. आदल्या दिवशी तिने चारशे रुपये माझ्या हाती ठेवले, तेव्हा "एवढेच का?" असे शब्द माझ्या तोंडून निसटले होते. ती खाली मान घालून निघून गेली. चारशे रुपये ही तिची पुऱ्या दिवसाची मजुरी. यादीत सर्वांत वर असलेल्या गृहस्थांनी हजार दिले होते; ती त्यांची अर्ध्या दिवसाचीही प्राप्ती नसेल. मी रुपये मोजले, दिवस मोजले नाहीत.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात, मंदिरातील दानपेटीसमोर बसलेल्या प्रभूने एका गरीब विधवेची दोन लहानशी नाणी श्रीमंतांच्या देणग्यांहून अधिक मानली. हा उतारा मी आमच्या कपेलात कितीदा तरी मोठ्याने वाचला आहे. त्यातले त्रैराशिक मात्र मला त्या दिवशी प्रथम समजले.

त्याच सायंकाळी मी त्या बाईच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "राहू दे हो बाबा, बसा. चहा घ्या." यादी मी पुन्हा लिहिली, ती नावांच्या अक्षरक्रमाने आणि रकमेवाचून. कोणाच्या मिळकतीतून किती आले, हे मोजण्याचा अधिकार प्रभूचा आहे, वर्गणी गोळा करणाराचा नव्हे.

आईबापहो, मुलांना त्रैराशिक अवश्य शिकवा. त्याने बाजारात पैसे वाचतील. आणि कदाचित एखाद्या दुबळ्याचा मानही वाचेल.